कडबा कुट्टीचा बेल्ट बदलायचाय? आधी माप, मग दुकान

कडबा कुट्टीचा, म्हणजे वैरण बारीक कापायच्या यंत्राचा, बेल्ट तुटला की बहुतेक जण तो तुकडा पिशवीत टाकतात, तालुक्याच्या दुकानात जातात आणि ‘असाच एक द्या’ म्हणतात. दुकानदार जुना-नवा शेजारी धरून बघतो, ‘हा चालेल’ म्हणतो. चालतोही. पण वैरण जरा ओली आली की बेल्ट किंचाळतो, रबर जळल्याचा वास सुटतो आणि हंगाम संपायच्या आत पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढावी लागते. यात दुकानदाराला दोष देता येत नाही. जुना बेल्ट ताणून लांबलेला असतो, कडांनी झिजलेला असतो आणि आधीच्या वेळीही तो कुणीतरी अंदाजानंच आणलेला असतो. त्यावरून घेतलेलं माप खरं निघणार कसं? माप पुलीवरून, म्हणजे बेल्ट ज्या खाचेच्या चाकावरून फिरतो त्यावरून घ्यायचं. टेप आणि कागद-पेन्सिल घेऊन वीस मिनिटांचं काम आहे.

इथं सांगितलेलं सगळं २ ते ३ एचपी मोटारीवर चालणाऱ्या घरगुती कडबा कुट्टीला धरून आहे. व्ही-बेल्टवरची छोटी पिठाची गिरणी किंवा मळणी यंत्र असलं तरी मापाची रीत तीच.

हात घालण्याआधी

नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन बोर्डातून काढा आणि ती आपल्या नजरेसमोर ठेवा. थ्री फेज असेल तर स्टार्टरच्या आधीचा मेन स्विच खाली करा. लोडशेडिंगमुळे यंत्र बंद आहे म्हणून काम काढणं सगळ्यांत धोक्याचं, कारण लाईट सांगून येत नाही.

बेल्ट काढला म्हणजे यंत्र निर्धोक झालं असंही समजू नका. पाती जड चाकावर बसवलेली असतात आणि बेल्ट नसताना ते चाक बोटाच्या धक्क्यानंही फिरतं. तुम्ही पुली फिरवून बेल्ट चढवताय आणि पलीकडून पोरगं यंत्राच्या तोंडात अडकलेला कडबा ओढतंय, एवढ्यात बोट जातं. चाकाच्या आऱ्यांत लाकडी ठोकळा अडकवा, आणि पुली फिरवायची वेळ आली तर ‘तोंडापासून लांब’ असं मोठ्यानं सांगूनच फिरवा. उपरणं, ओढणी, पदराचं टोक खोचून घ्या.

जुना बेल्ट फेकू नका, आधी वाचा

बेल्ट का गेला हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

आतल्या बाजूला आडव्या भेगा असतील तर तो लहान पुलीवरून फार तीव्र वळत होता किंवा तापत होता. दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत, चमकदार झाल्या असतील तर तो घसरत होता. किंचाळण्याचा आवाज यातूनच येतो. एकच कड झिजलेली असेल तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्ट फुगून मऊ, चिकट झाला असेल तर बेअरिंगचं ग्रीस किंवा तेल त्यावर उडतंय. कडा चांगल्या असून एका जागी सरळ तुटला असेल तर वैरणीबरोबर दगड-लोखंड आत जाऊन चाक एकदम अडलं असेल, नाहीतर बसवताना पान्यानं रेटून आतले दोरे तोडले असतील. हे दोरेच सगळा ताण सोसतात. आतले दोन-चार दोरे तुटलेला बेल्ट बाहेरून धडधाकट दिसतो आणि चालताना पुलीत उलटा पडतो.

यातला घसरण्याचा प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो, आणि त्याचं खापर नेहमी बेल्टवर फुटतं. खरा गुन्हेगार पुष्कळदा पातं असतं. धार गेलेलं पातं वैरण कापत नाही, चेपून तोडतं. कापलेली कुट्टी हातात घेऊन बघा: टोकं स्वच्छ कापलेली असतील तर धार ठीक आहे. टोकांना लांब धागे लोंबत असतील, ताटं पिळवटल्यासारखी दिसत असतील, तर मोटारीवरचा भार वाढलाय आणि तो भार बेल्ट सोसतोय. फिरतं पातं आणि खालची स्थिर पट्टी यांतली फटही तपासा. न घासता जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवा. धार लावली, फट बसवली आणि जुनाच बेल्ट पुन्हा गप चालू लागला, असं होऊ शकतं. म्हणून नव्या बेल्टवर पैसे घालण्याआधी दोनशे-चारशे ग्रॅम कुट्टी नीट निरखा.

ए की बी?

व्ही-बेल्टवर एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर म्हणजे बेल्टची जाडी-रुंदी, आकडा म्हणजे लांबी. नव्या बेल्टची वरची रुंदी आणि जाडी अशी: ए १३ × ८ मिमी, बी १७ × ११ मिमी, सी २२ × १४ मिमी. घरगुती कुट्टीला ए किंवा बी असतो; सी मोठ्या यंत्रांचा.

छपाई पुसली असेल तर फुटपट्टीनं वरची रुंदी मोजा. झिजलेला ए १२ मिमी भरेल, झिजलेला बी १६. मधला कुठला प्रकार नाही, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही.

अक्षर चुकलं तर काय होतं हे समजून घेण्यासाठी व्ही-बेल्ट ओढतो कसा ते बघा. तो पुलीच्या तळावर बसत नाही. दोन तिरक्या भिंतींत पाचरीसारखा रुततो, आणि भार वाढेल तसा आणखी घट्ट रुततो. सगळी पकड कडांची आहे. बी-च्या खाचेत ए घातला की तो खाली घसरून तळाला टेकतो. मग पाचर उरत नाही; कितीही ताणला तरी घसरणारच. उलट ए-च्या खाचेत बी घातला की तो काठाच्या वर उभा राहतो, कडेचा थोडाच भाग भिंतीला लागतो आणि तोच भाग भराभर झिजतो. बरोबर बेल्ट काठाशी जवळपास सपाट बसतो आणि त्याच्या खाली मोकळी जागा राहते.

‘ए टिकत नाही, बी टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो जपून घ्या. बेल्ट जितका जाड तितकी त्याला मोठी पुली लागते. ए-साठी किमान ७५ मिमी, म्हणजे ३ इंच; बी-साठी किमान १२५ मिमी, म्हणजे ५ इंच. मोटारीवर ३ किंवा ४ इंची पुली असताना बी चढवला की प्रत्येक फेऱ्याला तो त्याच्या कुवतीबाहेर वाकतो, आणि मोटार १४४० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला १४४० फेऱ्यांची असली तर मिनिटाला शेकडो वेळा वाकतो. आतल्या भेगा इथूनच सुरू होतात. ३ एचपीला एक ए पुरत नसेल तर दोन खाचांची, म्हणजे डबल ग्रूव्ह पुली घालून दोन ए चालवणं कधीही बरं.

दुकानात आणखी दोन नमुने दिसतील. अक्षरापुढे एक्स असलेला, म्हणजे एएक्स किंवा बीएक्स, हा आतून दातेरी असतो. तो सहज वाकतो, कमी तापतो, आणि साध्या ए किंवा बी-च्याच पुलीत बसतो. लहान पुलीवर तो पैसे वसूल करून देतो. एसपीए, एसपीबी हे मात्र वेगळ्या जातीचे, जास्त जाड बेल्ट. त्यांच्या पुढचा आकडा इंचांत नसून मिलिमीटरमध्ये असतो. वरून एसपीबी आणि बी सारखेच रुंद वाटतात, पण बी-च्या उथळ खाचेत एसपीबी तळाला टेकू शकतो. साध्या पुलीला तो घेऊ नका.

लांबी काढायची रीत

आधी मोटारीचे चारही बोल्ट सैल करा. मोटार ज्या लांबट गाळ्यांत पुढं-मागं सरकते, त्यांत ती यंत्राच्या बाजूनं साधारण एक तृतीयांशावर आणून ठेवा. गाळा ६० मिमीचा असेल तर यंत्राकडे २० मिमी आणि बाहेरच्या बाजूला ४० मिमी जागा राहिली पाहिजे. आतली २० मिमी बेल्ट चढवायला, बाहेरची ४० मिमी पुढं ताण द्यायला. ही पायरी गाळली तर हिशेब बरोबर येऊनही बेल्ट एक तर चढत नाही, नाहीतर ताणायला जागाच उरत नाही.

आता तीन मापं घ्या, सगळी इंचांत: मोटारीच्या पुलीचा बाहेरचा व्यास, यंत्राच्या पुलीचा बाहेरचा व्यास, आणि दोन्ही शाफ्टच्या (पुली बसवलेल्या दांड्यांच्या) मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर.

समजा लहान पुली ४ इंच, मोठी १२ इंच, मधलं अंतर २० इंच.

मधल्या अंतराची दुप्पट: ४०.
दोन व्यासांची बेरीज १६, तिला १.५७ नं गुणा: २५.१.
दोन व्यासांतला फरक ८, त्याचा वर्ग ६४, त्याला मधल्या अंतराच्या चौपटीनं, म्हणजे ८० नं भागा: ०.८.
एकूण ६५.९ इंच.

ही झाली बेल्टच्या बाहेरच्या अंगाची लांबी. आपल्याकडे ए, बी बेल्टवर छापलेला आकडा असतो आतल्या अंगाच्या लांबीचा, इंचांत. ए-ची जाडी ८ मिमी; पूर्ण फेऱ्यात बाहेरची लांबी आतल्यापेक्षा २ × ३.१४ × ८, म्हणजे ५० मिमी जास्त भरते. ते झाले २ इंच. बी-ची जाडी ११ मिमी, तिथं फरक ६९ मिमी, म्हणजे पावणेतीन इंचांच्या जरासा आत. तेव्हा ए असेल तर ६५.९ मधून २ वजा: ६३.९, घ्यायचा ए-६४. हाच वजाबाकीचा टप्पा विसरून लोक ए-६६ आणतात आणि पुढं ताण द्यायला ठेवलेली बरीचशी जागा पहिल्याच दिवशी संपते.

गणित नको असेल तर तांब्याची इन्सुलेशन असलेली वायर दोन्ही पुल्यांच्या काठावरून फिरवून घ्या, जिथं टोकं भिडतात तिथं खूण करा, सरळ करून टेपनं मोजा आणि तेच २ किंवा पावणेतीन इंच वजा करा. सुतळी वापरू नका, ती ताणते आणि इंचभर खोटं बोलते.

नेमका नंबर दुकानात नसेल तर एक नंबर पुढं-मागं चालतं. बेल्टची लांबी एक इंच बदलली की मोटार साधारण अर्धा इंच सरकवावी लागते. तेवढी जागा गाळ्यात आहे का, एवढंच बघायचं.

परदेशी बनावटीचं यंत्र असेल, पॉवर वीडर किंवा बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, तर आकड्याचा अर्थ बदलतो. ४एल६६० अशा छापाच्या बेल्टमध्ये शेवटचा शून्य सोडला तर ६६ हा आकडा बाहेरच्या लांबीचा असतो. म्हणजे मापानं तो आपल्या ए-६४ एवढाच. पण ‘एल’ मालिका हलक्या भाराची असते, म्हणून कुट्टीवर तो चढवू नका. आणि अमेरिकेत अंगणासाठी असं यंत्र ज्यांनी घेतलंय त्यांनीही उलटी अदलाबदल करू नये. त्या यंत्रांत बेल्ट ताण-पुलीनं सतत सैल-घट्ट होत असतो आणि कित्येकदा पाठीवरूनही फिरतो. त्यासाठी आत वेगळे, न ताणणारे दोरे घातलेले असतात. तिथं यंत्राच्या मॉडेल नंबरवरूनच बेल्ट घ्यावा.

पुली आधी, बेल्ट नंतर

झिजलेल्या पुलीत नवा बेल्ट घालणं म्हणजे झिजलेल्या चाकावर नवा टायर चढवण्यासारखं आहे. खाच कापडानं पुसून घ्या. तळ चमकत असेल तर बेल्ट तळाला टेकत होता, पुली गेली. भिंतीला फुटपट्टीची कड लावा आणि मागून मोबाईलचा टॉर्च धरा. पट्टी आणि भिंत यांच्यामधून पाऊण मिलिमीटरहून जास्त फटीतून उजेड आला तर भिंत पोटात गेली आहे, पुली बदला. लहान पुली मोठ्या पुलीच्या कितीतरी आधी झिजते, कारण तीच जास्त फेरे घेते.

पुली शाफ्टवर हलवून बघा. चावी (पुली आणि शाफ्टमध्ये ठोकलेली पट्टी) सैल किंवा ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर आवळणारा छोटा स्क्रू) ढिला असेल तर ती डुलते आणि कोणताही बेल्ट खाते.

नवी पुली आणताना व्यास बदलू नका. ‘जरा मोठी टाकली की कुट्टी भराभर निघते’ हे खरं आहे, आणि तिथंच धोका आहे. १४४० च्या मोटारीवर ४ इंच आणि १२ इंच असताना चाक मिनिटाला ४८० फेरे घेतं. ४ ची ५ इंच केली की ६०० होतात. वेग सव्वापट, पण पात्यांच्या बोल्टवर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे दीडपटीच्याही वर. चाक त्या वेगासाठी बनवलेलं नसेल तर पातं सुटून उडू शकतं. शिवाय मोटारीवरचा भार वाढतो तो वेगळाच.

दुकानात

‘ए-६४, दोन नग’ असं लिहून न्या. जोडी लागत असेल तर दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच मॅचिंग कोडचे मागा. नंबराशेजारी छापलेला हा छोटा आकडा, ४९, ५०, ५१ असा, दोन्हींवर सारखा हवा. एक तुटला तरी दोन्ही बदलायचे. जुना लांबलेला असतो, त्यामुळे नवा एकटाच सगळा भार ओढतो आणि लवकर जातो.

नागपूरची पिक्स, मदुराईची फेनर अशा नावाजलेल्या कंपन्यांचा माल तालुक्याला मिळतो. नाव कुठलंही असो, बेल्ट हातात घेऊन बघा. छपाई स्वच्छ हवी, नखानं खरवडून निघता कामा नये. हातानं उलटा वाकवला तर बारीक भेगा दिसता कामा नयेत. खिळ्याला टांगून वर्षानुवर्षं उन्हात राहिलेला बेल्ट एका जागी मुडपलेला दिसतो, तो परत द्या. पक्की पावती घ्या.

बसवणं

मोटार यंत्राकडे पूर्ण सरकवा आणि बेल्ट दोन्ही खाचांत नुसत्या हातानं ठेवा. स्क्रू-ड्रायव्हर किंवा पान्याचा तिढा देऊन चढवायचा नाही. चढत नसेल तर मोटार आणखी सरकवा. तरी चढत नसेल तर नंबर चुकलाय.

मग रेष. एक दोरा मोठ्या पुलीच्या बाहेरच्या तोंडावर धरून लहान पुलीपर्यंत ताणा. मोठ्या पुलीच्या दोन कडा आणि लहान पुलीच्या दोन कडा, असा तो चार ठिकाणी टेकला पाहिजे. दोन पुल्यांच्या काठांची जाडी वेगळी असेल तर तेवढा फरक धरून खाचेची मध्यरेषा जुळवा. ५० सेंमी अंतराला ४ मिमीच्या आत फरक चालतो, त्यापुढं एक कड झिजायला लागते. मोटार तिरकी असेल तर बोल्ट आवळताना ती आणखी फिरते, म्हणून चारही बोल्ट थोडे-थोडे, आळीपाळीनं आवळा.

ताणाबद्दल ‘अंगठ्यानं दाबून बघा’ एवढंच सांगतात. अंगठे वेगवेगळे असतात. भाजी मोजायचा स्प्रिंगचा हूक-काटा जास्त खरा. दोन पुल्यांमधल्या सरळ भागाची लांबी मोजा. त्या लांबीच्या दर मीटरला १६ मिमी, म्हणजे वरच्या उदाहरणात अर्ध्या मीटरला ८ मिमी. बेल्टच्या मधोमध हूक अडकवून तो ८ मिमी खाली येईपर्यंत ओढा. काट्यावर ए-ला एक ते दीड किलो, बी-ला दोन ते तीन किलो दिसायला हवेत. नवा कोरा बेल्ट पहिल्या दिवशी जरा जास्त ताणून ठेवायचा, ए दोन किलोपर्यंत, बी चारपर्यंत, कारण तो खाचेत बसताना सैल होतोच. जोडीतला एक सैल आणि एक घट्ट लागला तर जोडी जुळलेली नाही किंवा एक खाच जास्त झिजलीय.

यापेक्षा जास्त आवळू नका. घट्ट बेल्ट घसरत नाही खरा, पण मोटारीचं पुढचं बेअरिंग खातो, आणि बेअरिंगचा खर्च बेल्टपेक्षा जास्त. व्होल्टेज कमी असताना मोटार नुसती गुणगुणते आणि उठत नाही, तेव्हाही बेल्टवर राग काढू नका. व्होल्टेज १५ टक्के पडलं की मोटारीचा जोर चौथ्या भागाहून जास्त घटतो. बेल्ट ताणून तो परत येत नाही.

राळ किंवा बेल्टला लावायची चिकट पेस्ट घालू नका. आवाज तासाभरासाठी थांबतो, मग त्यावर कुट्टीची धूळ बसते, तिचा लगदा होतो आणि कडा खरवडल्या जातात.

पहिले काही तास

बेल्टवरची संरक्षक जाळी लावल्याशिवाय पिन घालू नका. चाक बरोबर दिशेनं फिरतंय का बघा. मोटार रिवाइंड करून आली असेल तर हे विशेष. पाच मिनिटं मोकळं चालवा, मग अर्धा तास सुका कडबा घाला. ओलं हत्तीगवत पहिल्या दिवशी नको.

मग बंद करा, पिन काढा, चाक पूर्ण थांबू द्या आणि लहान पुलीला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेल्ट घसरतोय, ताण पुन्हा काट्यानं मोजा. चार-पाच तास काम झाल्यावर पुन्हा एकदा मोजा आणि सैल झाला असेल तेवढाच ओढून घ्या. नव्या बेल्टची सगळ्यांत मोठी ढिलाई याच तासांत निघते, आणि पहिल्या आठवड्यातच जळणारे बेल्ट बहुधा इथं न ताणल्यामुळे जळतात. पुढं महिन्यातून एकदा बघणं पुरे.

जास्तीचा बेल्ट घेऊन ठेवला असेल तर पिळ न देता गोल गुंडाळून बंद डब्यात ठेवा. गोठ्यात उंदीर असतात आणि ते रबर कुरतडतात. आणि जाळीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून टाका: ए-६४, २ नग, बसवल्याची तारीख, दोन्ही पुल्यांचे व्यास.